ऊस, खार आणि गोमय : पालि वाङ्मयातील मळ धुण्याची साधने

त्रिपिटकाचे वाचन आपल्याकडे बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने होते. चार आर्यसत्ये, प्रतीत्यसमुत्पाद, अनात्मवाद यांची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु हे सिद्धान्त समजावून देताना भगवान बुद्धांनी ज्या उपमा योजल्या, त्यांत प्राचीन भारतातील सामान्य माणसाचे घर, त्याचे परसू आणि त्याची चूल जशी दिसते तशी राजांच्या प्रशस्तीत दिसत नाही. त्या काळी माणसे कपडे कशाने धूत, डोके कशाने न्हात, आरसा कशाने उजळीत, या प्रश्नांची उत्तरे याच उपमांमध्ये आहेत.

या दृष्टीने अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील उपोसथसुत्त अतिशय महत्त्वाचे आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात उपोसथाच्या दिवशी विशाखा महाउपासिका भगवंतांकडे येते. मलिन चित्त प्रयत्नाने शुद्ध होते, हे तिला सांगताना भगवंत पाच उपमा देतात. मळलेले डोके कक्क म्हणजे वाटून केलेला लेप, माती आणि पाणी यांनी स्वच्छ होते. शरीर घासणी, चूर्ण आणि पाणी यांनी. वस्त्र ऊस, खार, गोमय आणि पाणी यांनी. आरसा तेल, राख आणि केसांचा कुंचला यांनी. सोने मात्र भट्टी, मीठ, गेरू, फुंकणी आणि सांडस यांनी. प्रत्येक ठिकाणी या वस्तूंच्या जोडीला माणसाचे कष्टही आवश्यक मानले आहेत. पाचांपैकी चार प्रसंगांतील सामग्री कोणत्याही घरात किंवा घराच्या आसपास मिळणारी आहे. एका गृहिणीशी बोलताना तिच्या हातातल्याच वस्तू भगवंतांनी उपमेसाठी घेतल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथील 'ऊस' म्हणजे साखरेचा ऊस नव्हे. संस्कृतातील 'ऊष' तो हाच. खारवट जमिनीवर पांढरी फूल धरलेली माती. 'खार' म्हणजे राखेतून पाणी निथळून घेतलेला क्षार. आज आपण असे म्हणू शकतो की अशा मातीत बहुधा सोडियमचे आणि लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे कार्बोनेट असते. हे क्षार तेलकट मळाशी संयोग पावतात तेव्हा त्या मळाचाच काही अंश साबणासारखा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या आज्या-पणज्या चुलीतील राखेने भांडी घाशीत, त्यामागील कारणही तेच; शिवाय राखेचा बारीक कण घासण्याचे काम करी. रसायनशास्त्राचे नावही ठाऊक नसलेल्या हातांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले.

संयुत्त निकायातील खेमकसुत्तात हीच वस्त्राची उपमा अधिक खोल जाते. कोसंबीच्या घोषितारामातील स्थविर आणि बदरिकारामात आजारी असलेले आयुष्मान खेमक यांच्यात दासक भिक्षूच्या करवी प्रश्नोत्तरे चालतात. अखेर खेमक काठी टेकीत स्वतःच स्थविरांकडे जातात आणि सांगतात की, मळलेले वस्त्र मालक रजकाला देतो. रजक ते ऊस, खार किंवा गोमय यांत चोळून स्वच्छ पाण्यात खळबळतो. वस्त्र निर्मळ होते, तरी ऊस-खार-गोमयाचा वास त्यात उरतो. मालक ते सुगंधी पेटीत ठेवतो तेव्हा कोठे तो वास जातो. पाच स्कंधांचा मोह सुटला तरी 'मी आहे' ही सूक्ष्म भावना उरते, ती अशीच. हे ऐकता ऐकता सुमारे साठ स्थविर आणि स्वतः खेमक आस्रवमुक्त झाले, असे सुत्त सांगते. येथे मला एक गोष्ट विशेष वाटते. गोमय हे येथे कोणतेही पावित्र्य नसलेले एक साधन आहे. ते मळ काढते आणि मागे आपला वास ठेवते. तो वासदेखील घालवावा लागतो.

विनयपिटकातही हीच व्यवहारी दृष्टी आढळते. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचारोग झाला होता. जखमांतील स्रावाने चीवर अंगाला चिकटे आणि भिक्षू ते पाण्याने भिजवून सोडवीत. ते पाहून भगवंतांनी खरूज, गळवे, वाहत्या जखमा किंवा शरीरदुर्गंधी असणाऱ्यांना औषधी चूर्णांची अनुज्ञा दिली. निरोगी भिक्षूंसाठी शेण, माती आणि चीवर रंगविताना उरलेला चोथा पुरेसा मानला. चूर्ण कुटण्यासाठी उखळ-मुसळालाही परवानगी मिळाली. विहार झाडण्याचे नियम तर इतके बारीक आहेत की, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर आधी पाणी शिंपडावे, गेरूच्या भिंतीवरील डाग ओला बोळा पिळून पुसावा, असे सांगितले आहे. ही कामे भिक्षूंनी स्वतः करावयाची होती.

आता मनुस्मृतीचा पाचवा अध्याय पाहावा. साधने जवळजवळ हीच आहेत. रेशमी व लोकरी वस्त्रांना ऊष, कांबळ्यांना रिठे, क्षौम वस्त्रांना पांढरी मोहरी. तांबे, लोखंड, कासे यांना क्षार, आम्ल आणि पाणी. चिंचेने तांबे उजळते हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. आम्लाने तांब्यावरील काळा थर विरघळतो. पण याच अध्यायात चांडाळाचा, रजस्वलेचा आणि बाळंतिणीचा स्पर्श प्रेताच्या स्पर्शाबरोबर बसविला आहे. दहाव्या अध्यायात चांडाळ 'अपपात्र' ठरतात, आणि त्यांनी जेवलेले धातूचे भांडे घासूनही वापरू नये, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. म्हणजे राख आणि आम्ल सर्व मळ काढू शकतात, हा एक सोडून! जो मळ भांड्यावर नसून पाहणाऱ्याच्या मनात आहे, त्याला क्षार काय करणार?

हा भेद केवळ ग्रंथात राहिला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात त्या तळ्यात ओतल्या आणि तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले. खेमकांचा रजक ज्या गोमयाने वस्त्र धूत होता आणि नंतर ते गोमयही पाण्याने काढून टाकीत होता, तेच येथे पिण्याच्या पाण्यात घालण्यात आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या हक्काचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बाबासाहेबांच्या बाजूने निकालात काढला.