यजमान ते हरकतदार

२०१६च्या डिसेंबरात ‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव गोवा सोडून पुणे जिल्ह्यात आला. ठिकाण होते हवेली तालुक्यातील केसनंद, वाघोलीपलीकडचे गाव. पुढच्या वर्षी तो मुळशी तालुक्यातील लवळ्याच्या गोल्फ मैदानावर गेला, २०१८मध्येही तिथेच भरला आणि २०१९ साली गोव्यात परतला. या तीन वर्षांत गाजलेला वाद बहुतांशी संस्कृतीचा होता: दारू, अमली पदार्थ, परके संगीत, बिघडणारी तरुण पिढी. ज्यांच्या उंबऱ्याशी असा महोत्सव येतो, त्यांचे गाऱ्हाणे याहून साधे असते. झोप, रस्ता, टेकडीची माती आणि ‘आम्हाला विचारले कोणी?’ हा प्रश्न.

या प्रश्नाचा माग काढायचा तर पुण्याच्या उत्तरेकडे, पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात डोकवावे लागते. कारण मोठ्या आवाजाचा उत्सव, कारखान्याची पाळी आणि विकली गेलेली शेतजमीन या तिन्ही गोष्टी एकाच गावात नांदताना इथे दिसतात.

पट्टी देणारा शेजारी

खेड तालुक्यातील गावांची जत्रा आजही चैत्र-वैशाखात भरते. आधी घरटी पट्टी गोळा होते. मग गावची मंडळी नारायणगावला तमाशाची सुपारी द्यायला जातात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि बोलणी तिथेच ठरतात. जत्रेच्या दिवशी पालखी आणि छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. त्या रात्री गावात कोणी झोपत नाही, आणि झोप मोडली म्हणून कोणी तक्रारही करत नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुणे ओसरीवर असतात, दुसऱ्या दिवशी शेतात जायचे नसते. आवाज मोठा असला तरी तो आपल्या पैशाचा, आपण बोलावलेला असतो. शेजारी इथे यजमान असतो.

शहरातही हे नाते होते. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्य भीमसेन जोशी यांनी त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. अनेक दशके तो शनिवार पेठेतल्या रमणबागेच्या मैदानावर, वाड्यांच्या आणि इमारतींच्या गराड्यात भरत असे. शेवटची बैठक पहाटेपर्यंत चाले. आज असा रात्रभराचा कार्यक्रम उघड्या मैदानावर, भरवस्तीत करता येणार नाही. मधल्या काळात शेजाऱ्याचे स्थान बदलले.

भोंगा आणि झोप

ते बदलण्याचे पहिले कारण कारखाना. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले. १९७०मध्ये नवनगरपालिका आणि १९८२मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखाने चाकणकडे सरकले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींच्या मोठ्या कंपन्या तिथे आल्या.

शेतकऱ्याची झोप हंगामावर चालते; कामगाराची झोप पाळीवर. पहिल्या पाळीला जाणारा पहाटे उठतो, तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतो. म्हणजे या पट्ट्यात चोवीस तासांत कोणी ना कोणी झोपलेले असतेच. गावकऱ्यांच्या जत्रेची रात्र ही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परगावच्या कामगाराला कामाच्या दिवसाची आदली रात्र असते. त्याने पट्टी दिलेली नसते, आणि दिली तरी मानपान त्याचा नसतो. आवाजाने त्रासलेला, पण यजमान नसलेला शेजारी असा तयार झाला.

कायद्यातला शेजारी

दुसरे कारण कायदा. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका आली. तिच्यामागे एक भयानक बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार होत असताना शेजारच्या ध्वनिक्षेपकामुळे तिच्या किंकाळ्या कोणाच्या कानावर गेल्या नाहीत. याचिका चालू असतानाच, २००० साली, केंद्राने ध्वनिप्रदूषण नियम केले आणि १८ जुलै २००५ रोजी निकाल लागला. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येणार नाहीत, हे सर्वांना लागू झाले. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकार वर्षातले १५ दिवस रात्री १२पर्यंत सवलत देऊ शकते. त्याला न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्यता दिली. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. कार्यक्रमाच्या हद्दीवर परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ते चालते.

नियम लहानमोठा भेद करत नाही. एप्रिल २०२३मध्ये पुण्यात राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांची मैफल दहाच्या सुमारास पोलिसांनी थांबवली. पण नियमात एक उणीव आहे, ती चाकणच्या रात्रपाळीच्या कामगाराला चटकन कळेल. तो रात्रीची झोप जपतो. दिवसा झोपणाऱ्यासाठी त्यात वेगळी सोय नाही.

‘मर्यादेत आहे’ तरी छातीत धडधड

आयोजक म्हणतात, मोजणी मर्यादेत आहे. रहिवासी म्हणतात, खिडक्या थरथरतात. दोघेही खरे बोलत असू शकतात. ध्वनिमापकाचे नेहमीचे ‘ए’ एकक माणसाच्या कानाला अनुसरून खालच्या स्वरांना कमी लेखते. ६३ हर्ट्झच्या ध्वनीतून ते सुमारे २६ डेसिबल वजा करते. नृत्यसंगीताचा सगळा जोर मात्र याच खालच्या ठोक्यात असतो, आणि तो भिंतींतून सहज आरपार जातो. त्यात डिसेंबरची थंडी. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर जाणारा ध्वनी पुन्हा खाली वळतो. दुपारी न ऐकू येणारा ठेका रात्री लांबच्या घरात पोहोचतो तो यामुळे.

हा ठेका ग्रामपंचायतीची हद्द पाळत नाही. परवानगीची कागदपत्रे लवळ्याची असली तरी आक्षेप बावधनच्या रहिवाशांकडूनही आले. केसनंदला परवानगीशिवाय झालेल्या उत्खननावरून महसूल खात्याने दंडाची कारवाई केली. उच्च न्यायालयात याचिका गेल्या; महोत्सव मात्र अटींसह पार पडले. कोथरूडला नोव्हेंबर २०२४मध्ये दिलजित दोसांझ यांच्या कार्यक्रमाआधी विरोध झाला, तेव्हा मद्याची परवानगी रद्द झाली आणि कार्यक्रम झाला. हरकत घेतल्याने महोत्सव क्वचितच थांबतो, पण त्याच्या अटी बदलतात.

गोव्याचा धडा

ज्या गोव्यातून सनबर्न आला, तिथला अनुभव अधिक बोलका आहे. २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर तो सुरू झाला, पुढे वागातोरला गेला. तिथे शेजारी कधीच एकमुखी नव्हते. खोल्या देणारे, टॅक्सीवाले आणि शॅकवाले यांना डिसेंबरअखेरचे ते दिवस हवे असत. ज्यांच्या दारातून वाहनांची रांग जाई त्यांना नकोसे होत. २०२४ साली महोत्सव दक्षिण गोव्यात नेण्याची घोषणा झाली आणि तिथल्या गावांतून विरोध उठला. अखेर तो पेडणे तालुक्यातील धारगळला आला. तिथेही ग्रामस्थांनी विरोध केला. जवळच असलेल्या आयुर्वेद रुग्णालयाचा मुद्दा पुढे आला. पंचायतीत परवानगीचा ठराव ५ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि महोत्सव झाला. एका मताच्या फरकाने गाव दुभंगते, तेव्हा आवाज तीन दिवसांत थांबतो, पण भावकीतला आणि वाड्यावाड्यांतला अबोला उरतो. २०२५ साली महोत्सव मुंबईत शिवडीला गेला.

इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाने वेगळी वाट धरली. १९७० साली एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतात तो सुरू झाला. पिल्टन गावच्या रहिवाशांना त्याची मोफत तिकिटे मिळतात, आणि ठरावीक वर्षांनी एक वर्ष महोत्सव न भरवता गवताला आणि गावाला विश्रांती दिली जाते. २०१८ हे असेच वर्ष होते. तिथेही तक्रारी असतात. तरी शेजाऱ्याला पाहुणा म्हणून आत घेण्याची आणि शेतासारखे गावालाही पडीक ठेवण्याची ही रीत आपल्या शेतकऱ्याला नवी वाटू नये.

कोणाला विचारायचे?

म्हणजे ग्रामसभेला विचारले की काम झाले का? ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत आहे. चाकणच्या आसपासच्या गावांत खोल्या घेऊन राहिलेल्या मराठवाडा, विदर्भ किंवा बिहारच्या कामगाराचे नाव बहुधा त्याच्या मूळ गावी असते. आवाज त्याच्या पत्र्याच्या छतावर येतो, मत मात्र नसते. मैदान भाड्याने देणारा जमीनमालक, पार्किंगचे पैसे घेणारा आणि रात्रपाळी करून झोपू पाहणारा भाडेकरू हे तिघेही ‘स्थानिक’च, त्यांतल्या तिसऱ्याला कोणी विचारत नाही.

आणि हे केवळ बाहेरच्या महोत्सवापुरते नाही. तिकिटाच्या कार्यक्रमाविरुद्ध अर्ज करणे तुलनेने सोपे असते, कारण आयोजक परका असतो. वरातीच्या, विसर्जनाच्या, वाढदिवसाच्या डीजेविरुद्ध पोलिसांना फोन करणाऱ्या भाडेकरूला दुसऱ्या दिवशी त्याच घरमालकाच्या दारातून जायचे असते. आपला तो उत्सव आणि दुसऱ्याचा तो गोंगाट, ही वाटणी ध्वनिमापकाला कळत नाही, आजारी माणसाच्या कानालाही कळत नाही.

जत्रेच्या रात्री गाव जागे राही, कारण ज्यांची झोप मोडणार त्यांनीच ती जत्रा ठरवलेली असे. आता गाव बदलले, वस्ती बदलली, संगीत बदलले. परवानगीच्या फायलीत अग्निशमन, पोलीस, उत्पादन शुल्क आणि महसूल यांचे कागद असतात. ज्यांची झोप मोडणार आहे त्यांचाही एक कागद त्यात असावा, मग त्यांचे नाव मतदारयादीत असो वा नसो. तोवर शेजारी यजमान होणार नाही. तो हरकतदारच राहील.