सावंतवाडीचा गंजिफा : पेटीत मावणारे दशावतार

गोल पानांचा गंजिफा हा पत्त्यांचा खेळ भारतात रुजला तो मोगलांच्या काळात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अकबराच्या दरबारातील खेळाचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. मोगली संचात आठ रंग आणि ९६ पाने. हिंदू दरबारांत त्याला दशावतारी रूप आले, तेव्हा रंग दहा झाले आणि पाने १२०. प्रत्येक अवताराची बारा पाने : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. खेळणारे तिघे, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होई, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. त्यामुळे या खेळात स्मरणशक्तीचा चांगलाच कस लागे.

सावंतवाडीत ही कला तिसरे खेम सावंत (१७५५–१८०३) यांच्या कारकिर्दीत बहरली, असे मानले जाते. ती जोपासली चितारी कुटुंबांनी. हेच हात पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी, फळे, पाट आणि चौरंग रंगवत. गावातील चितार आळी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

गंजिफाचे पान म्हणजे तळहातावर मावणारे चित्र. चिंचोक्याच्या खळीने एकावर एक थर चिकटवायचे, गोल कापायचे, वर लेप देऊन घोटायचे आणि मग बारीक कुंचल्याने चित्र काढायचे. शेवटी लाखेचा हात. मत्स्य, कूर्म, परशुराम या साऱ्यांना एवढ्याशा वर्तुळात आपापल्या खुणांसह बसवणे ही चिताऱ्याची खरी परीक्षा. बारीक कामाच्या, किनार काढलेल्या संचाला ‘दरबार कलम’ म्हणत, साध्याला ‘बाजार कलम’. पानांसाठी सरकत्या झाकणाची लाकडी पेटी असे आणि तिच्यावरही देवतांची चित्रे व वेलबुट्टी रंगवली जाई. पेटीचा उपयोग पाने राखण्याचा, पण तिच्यावरचे कामही पानांइतकेच निगुतीचे आहे.

छापील बावन्न पाने स्वस्तात मिळू लागली आणि खेळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम जाणणारे थोडेच वृद्ध चितारी उरले होते. त्यांपैकी पुंडलिक चितारी यांच्याकडून सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला स्वतः शिकून घेतली. १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ची स्थापना झाली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर कामाला बसले. राजाश्रय असा कुंचला हातात घेऊन दिलेला क्वचितच आढळतो.

पेरूच्या आयाकुचो भागातही याच सुमारास असेच वळण आले. तिथल्या दोन दारांच्या रंगीत लाकडी पेट्यांत संत, गुरे आणि माणसांच्या इवल्या मूर्ती मांडलेल्या असत आणि गुराखी त्या गुरांच्या विधींत वापरत. १९४० च्या दशकात लिमाचे चित्रकार त्या विकत घेऊ लागले, मग पेट्यांत सण-उत्सवांचे आणि रोजच्या जगण्याचे देखावेही आले. १९७५ मध्ये होआकिन लोपेस आन्ताय या पेटीकाराला पेरूचा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे मूळचा वापर आटला, पण नव्या आश्रयदात्यांमुळे हात चालू राहिले.

सावंतवाडीच्या गंजिफाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज संच विकत घेणारे बहुतेक जण तो पाहण्यासाठी आणि भेट देण्यासाठी घेतात. दशावतारी डाव मांडू शकणारे मात्र विरळा.