ख्रिस्ती भजन

ख्रिस्ती भजन : बायबलमधील कथा, ख्रिस्ताची शिकवण व त्याच्याविषयीची भक्ती अभंग, ओवी, पद अशा मराठी रचनांत बांधून देशी चालींवर म्हटले जाणारे समूहगीत. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत ते परदेशी चालींच्या गीतांच्या जोडीने म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक मिस्सेतही लोकभाषेतील गायनाला वाव मिळाला. या प्रकाराला साहित्याची प्रतिष्ठा दिली ती मुख्यतः कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. त्यांचे विद्यार्थिदशेतील घडणीचे दिवस नाशिकला गेले आणि पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यामुळे ख्रिस्ती भजनाच्या इतिहासात अहमदनगरइतकेच नाशिकचेही नाव येते. देवळाबाहेरचे, लोकांच्या तोंडी असलेले संगीत उपासनेत आणावे की नाही, हा या प्रकारामागचा मूळ प्रश्न आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल संगीतालाही तो चुकला नाही.

पूर्वपीठिका : ख्रिस्तकथा मराठी छंदात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात केला. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ पुराणाच्या धाटणीचा असून तो वाचून दाखवावा, लोकांनी ऐकावा अशीच त्याची रचना आहे. एकोणिसाव्या शतकात आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनांनी मात्र आपापल्या देशांतील गीते चालींसकट आणली. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले आणि पुढे अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र झाले. नाशिकमध्ये इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. शब्द मराठी, चाल इंग्रजी आणि साथीला ऑर्गन, असा पहिल्या पिढीच्या उपासनेचा साचा होता.

शरणपूर : चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास नाशिकलगत शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. धर्मांतरामुळे घरदार तुटलेल्यांना आसरा आणि हाताला काम द्यावे, हा तिचा हेतू होता. आजच्या शरणपूर रोडचे नाव तिच्यावरूनच आले. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही येथे आणली जात. त्यांना लिहिणेवाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. इंग्रजी कागदपत्रांत ही मुले ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जातात. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याने १८७३ मध्ये चितांबो (आजच्या झांबियात) येथे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या दफनप्रसंगी प्रार्थना वाचली. पुढे तो त्यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही वसाहत स्थापन झाल्यावर शरणपूरचे बरेच आफ्रिकन तिकडे गेले. गुलामीच्या बाजारातून सुटलेली ही माणसे नाशिकला इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या वळणाने उपासना करीत होती. त्याच काळात अमेरिकेत गुलामीतून मुक्त झालेले त्यांचे भाईबंद स्वतःची भक्तिगीते जगापुढे मांडण्याच्या बेतात होते.

छंदाची अडचण : इंग्रजी चालीवरचे मराठी गीत कानाला का खटकते, याचे उत्तर छंदात आहे. इंग्रजी उपासनागीतांचा एक नेहमीचा साचा आठ-सहा, आठ-सहा शब्दावयवांचा (सिलॅबल) असतो आणि त्यात एक अवयव हलका, पुढचा जोरकस अशी आघातांची पाळी असते. मराठीत शब्दावर असा ठोक आघात नाही. ‘करुणा’ हा शब्द त्या चालीत बसवला की मधल्या ‘रु’वर नको तितका भार पडतो आणि शब्द दुभंगतो. अभंगाचे गणित वेगळे आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे येतात आणि यमक सहसा दुसऱ्या व तिसऱ्या चरणाला जुळते. मोजायची ती अक्षरे. प्रत्येक अक्षराला सारखे वजन मिळते आणि चौथा, आखूड चरण संपताना गाणाऱ्याला श्वास घ्यायला व सूर लांबवायला जागा राहते. अभंग नव्या माणसालाही पहिल्या ऐकण्यात म्हणता येतो तो यामुळे.

ना. वा. टिळकांचे कार्य : कोकणातील करजगाव येथे जन्मलेले टिळक विद्यार्थिदशेत नाशिकला आले. गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. कीर्तन, पुराण, प्रवचन हे गोदाकाठच्या नाशिकचे रोजचे वातावरण होते आणि टिळकांचा कान त्यात तयार झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनसाठी काम केले आणि ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे धर्म बदलला तरी छंद बदलण्याची गरज त्यांना वाटली नाही. उपासनेसाठी त्यांनी शंभराहून अधिक गीते रचली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहातील फार मोठा वाटा त्यांचा आहे. ‘अभंगांजली’ हा त्यांचा अभंगसंग्रह वैयक्तिक भक्तीचा आहे. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य ते पुरे करू शकले नाहीत. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

टिळकांनी कीर्तनही ख्रिस्ती उपासनेत रुजवले. पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात बायबलमधील आख्यान आणि मध्येमध्ये पदे, अशी त्याची बांधणी जुनीच राहिली. ही रीत सर्वांना एकदम पटली असे नाही. जे घर सोडून आलो त्याच घरातले टाळ-मृदंग पुन्हा कशाला, ही शंका नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाही येई. टिळकांच्या मते परकेपणा ख्रिस्तात नव्हता, त्याच्याभोवतीच्या विलायती पेहरावात होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी पुढे पुण्यातील ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात देशी वळणाची उपासना चालवली.

लक्ष्मीबाई आणि नाशिक : टिळकांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग नाशिकला गेला आणि तेथेच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३७) या त्यांच्या आत्मचरित्रात जलालपूर-नाशिकचे कर्मठ ब्राह्मणी घर आणि पुढचा ख्रिस्ती संसार यांतील अंतर तपशिलाने आले आहे. औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंना ओवीची लय घरच्या बायकांच्या बोलण्या-गाण्यातून मिळाली होती. ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्याय त्या बळावर लिहिले गेले. मुलगा देवदत्त आणि नातू अशोक टिळक यांनी या साहित्याची निगा राखली. अशोक टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण आवृत्ती संपादित केली.

गायनाची रीत : उपासनेत पाळक किंवा गाणारा पुढारी गीताचा क्रमांक सांगतो. पेटीवर सूर लागला की पुढारी ध्रुपद एकट्याने म्हणतो आणि मंडळी तेच उचलून धरते. दुसऱ्या खेपेला तबला किंवा ढोलकी येते, तिसऱ्या खेपेला झांजा. कडव्यामागून कडवे जाताना लय हळूहळू चढते. शेवटचे ध्रुपद द्रुत लयीत दोन-तीनदा घेऊन गीत थांबते. गाणे एकाच स्वररेषेचे असते. पुरुष खालच्या सप्तकात, बायका-मुले वरच्या सप्तकात, पण स्वर तोच. त्यामुळे शेवटच्या बाकावरच्या माणसालाही शब्द स्वच्छ कळतो आणि पुस्तक न उघडता साथ करता येते. गीतसंग्रहात सहसा शब्दच छापलेले असतात. चाल मंडळीच्या गळ्यात जपली जाते, म्हणून एकच गीत दोन गावांत दोन चालींवर ऐकू येते. परदेशी चालीचे गीत चार भागांत बांधलेले असते : सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. ते नीट म्हणायला तालीम घेतलेला गायकवृंद लागतो आणि मंडळीकडे बहुधा मुख्य चालच येते.

गॉस्पेल आणि जॅझ : लोकांच्या तोंडचे संगीत उपासनेत आणावे की नाही, हा प्रश्न अमेरिकेत वेगळ्या रूपाने आला. गुलामांच्या भक्तिगीतांना जगाच्या कानावर नेले ते नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्स या पथकाने. त्यांचे दौरे १८७१ पासून सुरू झाले. पुढे शिकागोत थॉमस ए. डॉर्सी (१८९९–१९९३) यांनी ब्लूजची वळणे उपासनागीतात आणली. ते आधी ब्लूज गायिका मा रेनी यांचे पियानोवादक होते. गुत्त्यातले गाणे प्रार्थनेत आणल्याची टीका त्यांना सोसावी लागली. आज डॉर्सी गॉस्पेलचे जनक मानले जातात. गुलामांची ती भक्तिगीते भारतातही ऐकली गेली. २१ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन यांचे कृष्णवर्णीय शिष्टमंडळ बारडोलीला गांधीजींना भेटले, तेव्हा गांधीजींच्या विनंतीवरून शिष्टमंडळाने ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचे जुने भक्तिगीत म्हटले होते.

वाद्यांशिवाय केवळ कंठाने गाण्याच्या ‘अ कॅपेला’ पद्धतीत गॉस्पेल परंपरेचे जॅझशी सर्वांत घट्ट मीलन ‘टेक सिक्स’ या पथकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत (१९८८) दिसते. अलाबामातील हंट्सव्हिल येथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या ओकवुड कॉलेजात क्लॉड मॅक्नाइट यांनी १९८० मध्ये हे पथक जमवले. मार्क किबल, मर्व्हिन वॉरन, सेड्रिक डेंट, डेव्हिड थॉमस आणि ॲल्विन चिया हे ध्वनिमुद्रिकेतील इतर गायक. सहा जणांचे सहा वेगळे स्वर एकमेकांना जवळजवळ चिकटून उभे राहतात आणि प्रत्येक शब्दागणिक हा स्वरसमूह रंग बदलतो. ‘गेट अवे जॉर्डन’ या पारंपरिक गीतात सर्वांत खालचा आवाज जॅझमधल्या डबल बाससारखा पावले टाकत चालतो. राल्फ कारमायकल यांच्या ‘अ क्वायट प्लेस’मध्ये ठोका जवळजवळ नाहीसा होतो आणि स्वरसमूह सावकाश एकातून दुसऱ्यात विरघळतात. ऐकणाऱ्याने एकदा फक्त खालचा आवाज धरावा, दुसऱ्यांदा मुख्य चाल, तिसऱ्यांदा मधले चार आवाज. तेव्हा कुठे ही वीण उलगडते. ध्वनिमुद्रिकेला गॉस्पेलचे आणि तिच्यातील ‘स्प्रेड लव्ह’ला जॅझगायनाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. गायक ज्या पंथाचे, त्या पंथाच्या १९७२ च्या संगीतविषयक मार्गदर्शनात मात्र जॅझला उपासनेशी विसंगत ठरवलेले होते.

साम्य व भेद : टिळक, डॉर्सी आणि टेक सिक्स या तिघांनीही मजकूर ख्रिस्ताचा ठेवला आणि चाल आपल्या लोकांच्या कानात मुरलेली घेतली. तिघांनाही हरकतीला तोंड द्यावे लागले ते घरातूनच. भेद आहे तो गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या नात्यात. टेक सिक्सचे गाणे कसलेल्या सहा जणांचे आहे. त्यात सातवा आवाज मिसळायला जागा नाही, इतरांनी ते ऐकावे. भजनात श्रोता असा वेगळा उरतच नाही. जॅझच्या दाट स्वररचनेत कान आधी सुरांकडे जातो आणि शब्द मागाहून हाती लागतो, तर भजनात सूर शब्दाच्या मागे चालतो. म्हणून भजनाची कसोटी गळ्याच्या तयारीवर लागत नाही. पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्या ध्रुपदाला साथ करू शकला की चाल बसली.

सद्यःस्थिती : नाशिक येथे १९२९ मध्ये अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन झाला. १९७० पासून तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराच्या फेब्रुवारीतील यात्रेला दूरदूरचे भाविक येतात आणि तेथे मराठीसह अनेक भाषांत मिस्सा होतात. पेटीच्या जागी अनेक ठिकाणी कीबोर्ड आला आहे. तरुण मंडळी गिटार आणि ड्रमसेटवर इंग्रजी-हिंदी वळणाची स्तुतिगीते म्हणतात, आणि पूर्वी टाळ-मृदंगावर घेतली जाणारी हरकत आता ड्रमसेटवर घेतली जाते. नवी गीते येत असली तरी टिळकांचे अभंग नाताळ, उत्तम शुक्रवार, लग्न आणि अंत्यविधी या प्रसंगी कायम आहेत. त्यांना तालीम लागत नाही आणि साथीला वाद्य नसले तरी मंडळीचे अडत नाही. कबरस्तानात पेटी नेलेली नसते, तेव्हा ते नुसत्या गळ्यावरच म्हटले जातात.