विजयाचं नाव, पण दार सगळ्यांना उघडं



ऑक्टोबरचा पहिला रविवार. इथे दोह्यात आपण उकाडा ओसरायची वाट बघत असतो, आणि तिकडे पॅरिसच्या लाँशाँ रेसकोर्सवर ‘प्री द लार्क द त्रियॉम्फ’ ही घोड्यांची शर्यत होते. अंतर २४०० मीटर, बक्षिसं एकूण ५० लाख युरोंची. २००८पासून या शर्यतीच्या अधिकृत नावात सुरुवातीलाच ‘कतार’ हा शब्द आहे. फ्रान्सच्या अभिमानाच्या शर्यतीला आपण राहतो त्या देशाचं नाव कसं लागलं? उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल.

फ्रान्समधल्या शर्यतींचा कारभार पाहणारी संस्था १८३३मध्ये स्थापन झाली ती फ्रेंच घोड्यांची पैदास सुधारावी म्हणून. त्यामुळे तिथल्या कितीतरी मोठ्या शर्यती परदेशी घोड्यांना बंदच होत्या. १८६३मध्ये ‘ग्रां प्री द पारी’ सुरू झाली, ती बाहेरच्यांनाही खुली होती. पहिल्याच वर्षी ‘द रेंजर’ हा इंग्लिश घोडा जिंकून गेला! दोन वर्षांनी ‘ग्लादियातर’ या फ्रेंच घोड्याने इंग्लंडमध्ये जाऊन तिथल्या तिन्ही मानाच्या शर्यती मारल्या. लोकांनी त्याला ‘वॉटर्लूचा सूड घेणारा’ असं नाव दिलं. त्याचा पुतळा आजही लाँशाँला आहे.

पण ग्रां प्री होती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. पहिलं महायुद्ध संपलं, १४ जुलै १९१९ला पॅरिसच्या विजयकमानीखालून सैन्याचं संचलन झालं आणि पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९२०ला, त्या कमानीच्या नावाने नवी शर्यत धावली. घोडा तीन वर्षांचा असो की त्याहून मोठा, कुठल्याही देशाचा असो, त्याने यावं. वयाने मोठ्या घोड्यावर जास्त वजन, घोडीला थोडी सवलत, म्हणजे सामना बरोबरीचा.

आणि पहिला विजेता कोण? ‘कॉमरेड’. मालक फ्रेंच, पण ट्रेनर पीटर गिल्पिन इंग्लंडच्या न्यूमार्केटचा आणि जॉकी फ्रँक बुलक ऑस्ट्रेलियाचा. लहानपणी हा घोडा अवघ्या २५ गिनींना विकला गेला होता. विजयाच्या नावाने मांडव घातला आणि पहिला मान बाहेरून आलेल्या घोड्याला मिळाला. तरीही यजमानांनी दार बंद केलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र ते बंद केलं. १९३९ आणि १९४०मध्ये शर्यत झाली नाही. जर्मनांनी फ्रान्समधले उत्तमोत्तम घोडे उचलून नेले. एप्रिल १९४३मध्ये दोस्तराष्ट्रांची विमानं जवळच्या रेनॉ कारखान्यावर बॉम्ब टाकायला आली, तेव्हा काही बॉम्ब लाँशाँवरही पडले आणि शर्यती बघायला आलेली माणसं मेली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ही शर्यत ल त्रांब्ले इथे भरवावी लागली. १९३६ आणि १९३७ अशी दोनदा जिंकलेली मार्सेल बुसाक यांची घोडी ‘कोरिडा’ १९४४च्या लढाईत नॉर्मंडीतून नाहीशी झाली, ती पुन्हा सापडलीच नाही.

युद्धानंतर शर्यतीला पुन्हा उभं करायचं होतं. १९४९मध्ये लॉटरीची जोड देऊन बक्षिसाची रक्कम बरीच वाढवली गेली. मग बाहेरचे मातब्बर येऊ लागले. इटलीचा ‘रिबो’ १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षं जिंकला. आयुष्यात १६ शर्यती धावला आणि एकही हरला नाही.

जपानचा पहिला घोडा १९६९मध्ये आला. २००६मध्ये ‘डीप इम्पॅक्ट’साठी हजारो जपानी प्रेक्षक लाँशाँला आले, तो तिसरा आला, पण पुढे औषधाच्या चाचणीमुळे बाद ठरला. २०१२मध्ये ‘ऑर्फेव्र’ शेवटच्या सरळ वाटेवर सगळ्यांना मागे टाकून निघाला होता, तोच ‘सोलेमिया’ने त्याला अगदी रेषेपाशी गाठलं. जपान अजून जिंकलेलं नाही, पण त्यांचे घोडे येत राहतात.

आता कतार. २००८मध्ये प्रायोजकत्व आलं, तसा बक्षिसाचा आकडा वाढला. २०१३ आणि २०१४मध्ये ‘त्रेव्ह’ ही घोडी जिंकली. जन्म फ्रान्सचा, ट्रेनर क्रिकेट हेड-मारेक फ्रेंच, मालक कतारच्या राजघराण्यातले शेख जोआन. मग हा विजय कोणाचा म्हणायचा? पैसा बाहेरचा आला की मान विकला गेला, असं म्हणणारे असतातच, आणि ती शंका अगदीच खोटी नाही. पण मॅनेजमेंटच्या वर्गात आम्हाला ब्रँड कसा जपायचा हे शिकवलं, त्याहून मोठी गोष्ट ही शर्यत सांगते. फक्त घरच्यांसाठी ठेवली असती, तर फ्रान्स दरवर्षी जिंकला असता आणि बाहेर कोणी तिची दखलही घेतली नसती. हरण्याची तयारी ठेवली, म्हणून जिंकण्याला किंमत आली.

आपण सगळेच दुसऱ्याच्या अंगणात धावणारी माणसं. दार उघडं ठेवणाऱ्या यजमानाची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. येत्या ऑक्टोबरात शर्यत जरूर बघा. पैज मात्र चहाचीच लावा!