समीकरणातून गाळलेले उंदीर

साथीच्या गणिताचा मूळपुरुष म्हणून १९२७ सालच्या निबंधाचं नाव सगळेच घेतात. तो लिहिणारे दोघे एडिंबरोचे. कर्मॅकची दृष्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेलेली. मॅकेंड्रिक कसौलीला नोकरी करून परतलेला. मी चमकलो ते त्यातल्या आलेखाने. मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू, आठवड्यागणिक, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६! मुंबईच निवडली ती मॅकेंड्रिकच्या हिंदुस्थानातल्या दिवसांमुळे असावी, असा माझा अंदाज.

गणित सोपं. लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि त्यातून सुटलेले (बरे होऊन किंवा मरून) असे तीन गट, सगळे एकाच कढईत ढवळलेले. घंटेच्या आकाराची रेघ मृत्यूंच्या ठिपक्यांना छान चिकटते.

पण प्लेग असा पसरत नव्हता. आधी घरात उंदीर मरून पडायचा, मग त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळायच्या. उंदीर, पिसू, माणूस : एकावर एक तीन थर. आणि लेखकांना हे पक्कं ठाऊक होतं! माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची पडछाया, बेटावरच्या हर उंदराला लागणीची संधी सारखी, पिसवा इतक्या की जणू स्पर्शानेच लागण, अशी गृहीतकं मांडून, यातलं एकही काटेकोर खरं नाही अशी कबुलीही ते देतात. आजच्या बहुस्तरीय जाळ्यांचं, म्हणजे एकावर एक थर ठेवून साथ मांडणाऱ्या गणिताचं, बीज मला या कबुलीत दिसतं.

मलेरियावाले हसतील. डास आणि माणूस यांची जोडसमीकरणं रोनाल्ड रॉसने आधीच मांडली होती, आणि मॅकेंड्रिक त्याच्याच तालमीतला. मान्य. पण रॉसने दोन थर घेतले. कर्मॅक आणि मॅकेंड्रिकने आपण काय गाळलं त्याची यादी दिली. पुढच्यांना कामाला लावते ती यादी. २०१२ मध्ये गणितज्ञ बकाएरने आणखी एक गळती दाखवली : मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक ऋतूतच चढे-उतरे, तेव्हा रेघ जुळली त्यात हवामानाचाही हात.

२०१३ मध्ये ग्रानेल, गोमेझ आणि अरेनास या स्पेनमधल्या तिघांनी असंच बहुस्तरीय जाळं रचलं : त्याच माणसांची दोन जाळी एकमेकांवर ठेवली. खालून रोग फिरतो, वरून त्याची खबर. खबर लागलेला माणूस जपून राहतो आणि रोगाची वाट अडते. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला तेव्हाही खबर रोगापुढे धावली. लोक मात्र जपून राहिले नाहीत, आगगाडीत बसून पळाले, आणि रोग त्यांच्यासोबत रुळांवरून बाहेर पडला. रुळांचा हा थर त्या तिघांच्या समीकरणात नाही.