पाहताक्षणी शब्द वाचायला शिकवणारी कोडी

अक्षरं न जुळवता, पाहताक्षणी वाचता येणाऱ्या शब्दांना 'साइट वर्ड्स' म्हणतात. अमेरिकेतील एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये इंग्रजीतील अशा नेहमीच्या २२० शब्दांची यादी दिली.

इंग्रजी स्पेलिंग अनेकदा फसवतं. मराठी मात्र बहुतांशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते. म्हणून मुलांना आधी अक्षरं आणि काना-मात्रा शिकवा. मग 'आणि', 'आहे', 'नाही', 'पण' यांची कोडी द्या.

कोडं कसं बनवाल?

• एका चौकोनात मात्रेसह पूर्ण अक्षर लिहा. 'स्ट्रॉबेरी'ला तीनच चौकोन लागतात: स्ट्रॉ, बे, री. मात्रा सुटी केली, तर शब्द ओळखीचा राहत नाही.
• सुरुवातीला चार-पाचच शब्द द्या, तेही आडवे. उलटे-तिरपे शब्द वाचनाची दिशा बिघडवतात.
• सापडलेला शब्द मोठ्याने वाचून वाक्यात वापरायला सांगा.

शेवटी तोच शब्द गोष्टीच्या पुस्तकात शोधायला लावा. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' आहे. तिथे घराघरांत पुस्तकं वाचायला मिळतात. सहलीला गेलात, तर हा खेळ तिथेही रंगेल. कोड्यातला शब्द पुस्तकात ओळखता आला, तरच तो खरा वाचता आला.