ताळा जुळूनही उरणारी चूक : कोलकात्यातील माहिती-व्यवहाराचा एक धागा

पीएचपी ही संकेतस्थळांची पाने सर्व्हरवर तयार करणारी संगणकभाषा, मायएसक्यूएल हे त्या पानांचा मजकूर आणि नोंदी तक्त्यांमध्ये सांभाळणारे डेटाबेसचे साधन आणि प्लगइन हा मूळ आज्ञावलीला हात न लावता तिला बाहेरून जोडायचा भाग. या तिघांच्या सांध्यांवर होणारे बिघाड निस्तरणे हे गेली वीसएक वर्षे कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधील कचेऱ्यांपासून घरी बसून काम घेणाऱ्या एकांड्या प्रोग्रामरांपर्यंत, अनेकांच्या उपजीविकेचे साधन झाले आहे. व्यवसाय नवा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे ढिगाने साठलेल्या नोंदींत चूक कुठे शिरली हे ओळखायचे कसे, हा या शहरात १९३० च्या दशकापासून विचारला गेला आहे, आणि त्यावरच्या वादात एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने मांडलेला आक्षेप आजच्या डेटाबेसलाही लागू पडतो.

प्रशांतचंद्र महालनोबिस हे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्या विभागाच्याच एका भागात त्यांची संख्याशास्त्रीय प्रयोगशाळा चालत असे. तिच्यातून डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली, १९३३ मध्ये ‘संख्या’ हे तिचे नियतकालिक निघाले आणि पुढे संस्थेचे बिऱ्हाड शहराच्या उत्तरेला बराकपूर ट्रंक रोडवर हलले. संस्थेला नाव मिळाले ते बंगालमधील तागाच्या पाहणीमुळे. तागाखाली किती जमीन आहे आणि पीक किती येईल हे गिरण्या, व्यापारी आणि सरकार या तिघांनाही वेळेवर हवे असे, परंतु प्रांतातील प्रत्येक शेत पाहणे हे खर्चाचे आणि वेळखाऊ काम होते. म्हणून १९३७ पासून महालनोबिसांनी नमुना पाहणीचे, म्हणजे यदृच्छेने निवडलेल्या थोड्या तुकड्यांवरून एकूण अंदाज बांधण्याचे, प्रयोग सुरू केले. थोडे पाहून सगळ्यांविषयी बोलणे अनेकांना धाडसाचे वाटे. प्रत्यक्षात १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेल्या एका तुलनेत नमुना पाहणीने तागाचे उत्पादन ७५ लाख ४० हजार गासड्या सांगितले, शेतन्‌शेत मोजणाऱ्या संपूर्ण गणनेने ६३ लाख ४ हजार सांगितले, तर जकात आणि व्यापाराच्या नोंदींवरून आलेला आकडा ७५ लाख ६२ हजारांचा होता. सगळे मोजणारी पद्धतच सर्वांत जास्त चुकली होती, कारण जितके हात कामाला लागतात तितक्या चुकाही वाढतात.

या अनुभवातून महालनोबिसांनी चूक हा अपवाद न मानता तिला पाहणीच्या आराखड्यातच जागा दिली. एकाच प्रदेशातून, एकाच पद्धतीने, पण परस्परांशी संबंध नसलेले दोन नमुने काढायचे, ते दोन वेगळ्या तुकड्यांच्या कर्मचाऱ्यांकडे सोपवायचे आणि दोघांचे अंदाज शेजारी ठेवून पाहायचे, ही त्यांची युक्ती आंतरप्रविष्ट उपनमुने या नावाने ओळखली जाते. दोन्ही अंदाज जवळ आले तर काम विश्वासाचे. फारकत पडली तर कोणत्या तरी तुकडीने शेत न पाहताच आकडा लिहिला, दुसरेच शेत पाहिले किंवा कागद उतरवताना चूक केली, असा संशय घेऊन मागे जाता येते. हिशेबनीस बेरीज दोनदा करून ताळा पाहतो त्याच जातीची ही पद्धत होती, मात्र इथे दुसरी बेरीज दुसऱ्याच माणसाने, दुसऱ्याच शेतांवरून केलेली असे, आणि दोघांमधला फरक हाच चुकीचा मापदंड ठरत असे. ऑक्टोबर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली तेव्हा हीच शिस्त देशभर गेली.

या शिस्तीची मर्यादा दाखवून देणारा माणूस सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्रीय कामाचे प्रमुख होते, आणि पीककापणीच्या प्रयोगांत, म्हणजे शेताचा ठरावीक तुकडा आखून त्यातले पीक कापून, तोलून उतारा ठरवण्याच्या पद्धतीत, तुकडा किती मोठा असावा यावर त्यांचे आणि कोलकात्याचे पटले नाही. संस्थेचा कल काही फूट त्रिज्येच्या छोट्या वर्तुळांकडे होता, कारण त्यांत श्रम वाचत. सुखात्मे ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाएवढ्या, तुकड्यांच्या बाजूचे होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा बहुधा ते आत धरतो. तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने परीघ मोठा, म्हणून लहान तुकड्यावरून काढलेला एकरी उतारा नेहमी वरच्याच बाजूला झुकतो. दोन गटांचे कर्मचारी स्वतंत्रपणे गेले तरी दोघेही रेषेवरचे ताट आतच धरणार, त्यामुळे दोघांचे आकडे एकमेकांशी उत्तम जुळतील आणि दोन्ही चुकीचे असतील. अनुभवी आणि नीट शिकवलेल्या माणसांकडून लहान तुकडेही चालतात, अशी कोलकात्याची बाजू होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही दोन प्रतींच्या तुलनेतून फक्त त्या प्रतींमधला फरक दिसतो, दोन्हींत सारखीच बसलेली चूक दिसत नाही, हा सुखात्म्यांचा मुद्दा पक्का होता आणि त्या वादात तोच अधिक टिकाऊ ठरला.

शेतावरून आलेले कागद पुढे यंत्रांकडे जात. प्रत्येक कागदावरील उत्तरे सांकेतिक अंकांत बदलून ती जाड कागदाच्या पंच कार्डावर भोकांच्या रूपाने उतरवली जात. पंच करणाऱ्याने एकदा केलेले काम दुसरा माणूस तीच उत्तरे पुन्हा ठोकून तपासत असे, आणि व्हेरिफायर यंत्रात भोक आणि ठोका जुळला नाही की यंत्र अडत असे. नंतर होलेरिथ यंत्रे ही कार्डे वेगळी काढून त्यांच्या बेरजा करीत. कोणत्या रकान्यातला आकडा कोणत्या गणकात जायचा हे प्लगबोर्ड ठरवत असे, म्हणजे भोकाभोकांची एक पाटी, जिच्यात तारांची टोके खोचून यंत्राला त्या दिवसाचे काम शिकवायचे. एखादी तार शेजारच्या भोकात गेली तर यंत्र कुरकुर न करता माणसांचे वय आणि शेताचे क्षेत्र यांची बेरीज करून छापील तक्ता बाहेर देई. यावर तोडगा म्हणून उत्तर आधीच ठाऊक असलेली थोडी कार्डे प्रथम यंत्रातून काढून पाहण्याची रीत या धंद्यात रूढ झाली. ज्ञात उत्तरावर नव्या जोडणीची परीक्षा घेणे हे प्लगइन तपासणाऱ्या आजच्या माणसाचेही पहिले काम आहे, आणि आज ते सर्वांत जास्त टाळले जाते.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा काळ इथे लवकर आला. १९५३ मध्ये समरेंद्र कुमार मित्र यांच्या पुढाकाराने संस्थेत दहा चलांची एकघाती समीकरणे सोडवणारा अ‍ॅनालॉग संगणक तयार झाला, १९५५ मध्ये ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीकडून एचईसी-२एम हा अंकीय संगणक आला, त्यामागून सोव्हिएत संघाचा उराल आला आणि १९६६ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या साथीने ट्रान्झिस्टरवर चालणारा आयएसआयजेयू-१ उभा राहिला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक घडत होता तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पण मुंबईचे यंत्र मुख्यतः पदार्थविज्ञानाच्या गणितांसाठी होते, तर कोलकात्याची यंत्रे देशाच्या नोंदींसाठी राबत होती, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांवरूनच पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला.

त्याच दांडेकरांचा कोलकात्याच्या संगणक-इतिहासाशी आणखी एका वळणावर संबंध आला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाने शहरातील इलाको हाउसमध्ये संगणक बसवायचे ठरवले तेव्हा नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटना उठल्या, इमारतीभोवती दिवसरात्र पहारा बसला आणि यंत्र आत जाऊ शकले नाही. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद दांडेकरांकडे आले आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला. ज्या शहरात देशातला पहिला अंकीय संगणक आला तेच शहर पुढची दोन दशके संगणकाला विरोध करणारे म्हणून ओळखले गेले. हा शिक्का पुरता न्याय्य नाही, कारण विमा कचेरीतल्या कारकुनाची भीती खोटी नव्हती. तरी तागाच्या पाहणीतून आलेली तपासणीची शिस्त संस्थेच्या आवाराबाहेर फारशी झिरपली नाही, याला हा दुरावाही कारणीभूत झाला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली आणि चेन्नईसह कोलकात्यात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी जूनमध्ये रासमुस लेर्डोर्फ याने पीएचपी लोकांपुढे ठेवली होती आणि मायएसक्यूएलचा जन्मही त्याच वर्षीचा. २००३ मध्ये वर्डप्रेस हे पीएचपीवर चालणारे प्रकाशनसाधन निघाले, आणि २००४ च्या १.२ या आवृत्तीत त्याला प्लगइन जोडण्याची सोय मिळाली. मूळ आज्ञावलीत ठरावीक ठिकाणी हुक ठेवलेले असतात, प्लगइन आपले काम त्यांना अडकवते, आणि कुणाचेही प्लगइन कुणाच्याही शेजारी येऊन बसते. २०१५ च्या डिसेंबरात पीएचपीची सातवी आवृत्ती आली तेव्हा डेटाबेसशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीची आज्ञाकुले तिच्यातून काढून टाकलेली होती, म्हणून त्यांवर विसंबलेली प्लगइने एका रात्रीत बंद पडली आणि पानाच्या जागी नुसता पांढरा पडदा दिसू लागला. अशा वेळी प्लगइनांच्या फोल्डरचे नाव बदलून सर्वांना एकदम निकामी करायचे, मग निम्मी चालू करून पाहायची, बिघाड त्या निम्म्यांत असेल तर त्यांची पुन्हा निम्मी, असे करत दोषी सापडेपर्यंत जायचे, ही कारागिरांची सर्वमान्य वाट आहे. दोन गट शेजारी ठेवून फरक शोधण्याचे हे तंत्र महालनोबिसांना परके वाटले नसते.

डेटाबेसातील बिघाड याहून कपटी असतात. वर्डप्रेस आपल्या कित्येक सेटिंग, चालू प्लगइनांची यादी धरून, एका सलग ओळीत बांधून ठेवते, आणि त्या ओळीत प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. हा एक अंतर्गत ताळाच आहे. १ जानेवारी २००१ पासून कोलकात्याचे इंग्रजीतील अधिकृत नाव बदलले, तेव्हा रोमन लिपीतील जुन्या नावाची अक्षरे ८ होती आणि नव्याची ७ आहेत. जुना पत्ता असलेल्या डेटाबेसात कुणी थेट शोधा-आणि-बदला चालवले तर मजकूर ७ बाइटांचा होतो, पण आधीचा आकडा ८ च राहतो; पीएचपी ती ओळ उलगडायचे नाकारते आणि सगळी सेटिंग कोरी दिसू लागतात. हा बिघाड त्रासाचा असला तरी प्रामाणिक आहे, कारण ताळा मोडतो आणि चूक लगेच उघडी पडते. बंगाली नावात मात्र काहीच बदलले नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात त्याची सहा चिन्हे प्रत्येकी ३ बाइट घेऊन पूर्वीइतकीच १८ बाइट जागा व्यापतात.

बंगाली आणि देवनागरी मजकुराचे खरे दुखणे लिपीच्या नोंदीत आहे. मायएसक्यूएलची मुळातली गृहीत लिपी युरोपी, एका अक्षराला एक बाइट धरणारी, होती आणि ती बदलून युनिकोड झाली ती आठव्या आवृत्तीत, २०१८ मध्ये. दरम्यानच्या काळात असंख्य संकेतस्थळांनी बंगाली मजकूर युनिकोडमध्ये पाठवला, डेटाबेसने तो युरोपी अक्षरे समजून ठेवला आणि वाचताना त्याच समजुतीने परत दिला. लिहितानाची चूक आणि वाचतानाची चूक एकमेकींना फिटवत असल्यामुळे पान वर्षानुवर्षे बिनचूक दिसे. रोजच्या बॅकअपशी ताडून पाहिले तरी ताळा जुळे, कारण बॅकअपही त्याच चुकीची प्रत असे. सुखात्म्यांनी शेताच्या कडेवर दाखवलेली चूक हीच. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर गेले आणि तिथली जोडणी युनिकोडची निघाली की सगळी बंगाली एका क्षणात युरोपी अक्षरांचा कचरा होऊन समोर येते, आणि ग्राहक साहजिकच दोष नव्या सर्व्हरला देतो.

या अवस्थेतून बाहेर येण्याची वाट आहे. तो रकाना आधी लिपीविरहित द्विमान स्वरूपात आणि तिथून युनिकोडमध्ये नेला, तर बाइट न हलता त्यांचा अर्थ तेवढा दुरुस्त होतो आणि मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. याउलट जोडणी युनिकोडची आणि रकाना युरोपी, असे झाले असेल, तर डेटाबेसला न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते आणि मूळ बाइट नाहीसे होतात. ती चूक होऊन गेल्यानंतर घेतलेल्या प्रत्येक बॅकअपमध्येही प्रश्नचिन्हेच असतात, आणि त्याआधीची प्रत किंवा मूळ कागद हाती नसेल तर तो मजकूर कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.